चांदीच्या घोड्यावर वडील

वडील गेले त्या वर्षीच आत्यानं तीर्थपुरीच्या सोनाराकडं त्यांचा टाक करायला सांगितला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला, देव्हाऱ्यात बसवून पुजायचा पूर्वज. वडिलांनी उभा जन्म मूर्तिपूजेविरुद्ध पत्रकं वाटली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. आता वडिलांनाच रोज हळदकुंकू लागणार होतं. निषेध करायला मी दुकानात जाऊन धडकले. आत्या आधीच येऊन बसली होती.

सोनारानं पणजोबांच्या काळातला काशाचा ठसा काढला. त्यात खोल कोरलेला घोडेस्वार, हातात उगारलेली तलवार. ठशावर पातळ पत्रा, पत्र्यावर शिसं, आणि वरून हातोडी. की झाला पूर्वज तयार. ठसा हा एकच. आमच्या देव्हाऱ्यातले जुने टाक मला तेव्हा कुठं उमगले. आमचं सगळं घराणं मेंढरांमागं पायी चाललं आणि मेल्यावर एकजात सरदार झालं.

"वडील सायकलवर फिरायचे," मी म्हणाले. "पार बदनापूरपर्यंत. घोडा ही सरंजामी निशाणी आहे."

"सायकलीचा ठसा न्हाई ताई. हातानं उठवायची म्हटलं तर नुसत्या चाकाच्या ताराच दिवाळीपर्यंत पुरतील."

टाक बिलकुल नको, असं ठणकावायला मी आले होते. तोंडातून निघालं, "चालेल, मला घाई नाही."

आत्या उसळली. "सायकल? समदे घोड्यावर अन् माझा भाऊ सायकलवर? वर त्याला कोन वळखंल? जित्तेपनी भावकीत बसला न्हाई. जेवायला बोलावलं तर भाषन करून उपाशी आल्ता. आता तरी आपल्या मानसांत बसू दे ना पोरी."

यावरही माझ्याकडं उत्तर होतं, चांगलं दोन पानी. पण तिनं पदर डोळ्याला लावला होता.

"घोडा राहू द्या," मी सोनाराला म्हणाले. "तलवार नको. त्यांनी कधी कुणावर काठीसुद्धा उगारली नाही."

"बिगर तलवारीचा स्वार?" आत्या पदराआडून म्हणाली. "मंग काय घोड्यावरून शेंगा इकतो का त्यो?"

सोनारानं ठशावर स्वार उठवलेला पत्रा मऊ राळेवर बसवला आणि बोथट खिळ्यानं तलवार हळूहळू आत दाबून सपाट केली. उरला घोड्यावरचा माणूस, मूठ आवळून हात वर केलेला.

आत्यानं टाक डोळ्यांजवळ धरला.

"हात बघ गं," ती म्हणाली. "तहसीलीपुढं असाच उभा राह्यचा. बराबर असाच." मग रडता रडता तिला हसू फुटलं. "घोड्यावर बसून घोषना देऊन राह्यला!"

आता विरोध नेमका कशाला करावा, तेच मला कळेना. सोनारानं टाक गुलाबी कागदात गुंडाळून दिला. घोड्याबद्दलचा निषेध मी बसस्टँडपर्यंत तोंडी नोंदवत गेले. पुडी छातीशी धरून आत्या प्रत्येक मुद्द्याला "व्हय, व्हय" म्हणत होती.