बोलावलं न्हाई, नाचवलं

"अरे, हलगी नसली म्हणून काय झालं? बादली आहे ना!"

असं म्हणून निखिल सर जिना चढून वर गेले आणि आमच्या फ्लॅटमधली बादली घेऊन खाली आले. जिना पुसायची बादली. निळी. आतून अजून ओली होती. ती त्यांनी माझ्यापुढं उलटी ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याच्या बापाचा धंदाच आहे. रक्तातच असतं यांच्या. हं, वाजव."

जर्मनीतलं डोंगरातलं एक लहान गाव. दिवाळीनंतरचा रविवार, भर दुपार. आमच्या इमारतीच्या तळघरात एक हॉल होता, तो सरांनी फराळाच्या कार्यक्रमासाठी मागून घेतला होता. आसपासच्या गावांतून पंधरा-वीस मराठी माणसं आली होती. झब्बे, पैठण्या, डब्यांतून आणलेल्या चकल्या. बहुतेक सगळे इंजिनियर. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. एकानं मोबाइल धरला.

मी वाजवली.

हे आधीच सांगून टाकतो. मी नाही म्हणालो नाही. गुडघ्यावर बसलो आणि बादली वाजवली. बैलगाड्यांच्या शर्यतीत, घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडा सुटताना माझे आबा जी चाल वाजवतात, तीच. लोक नाचले. सरांच्या मिसेस, मृण्मयी वहिनी, हसून हसून डोळे पुसत होत्या. नाचून झाल्यावर फराळ मांडला. मी प्लेट घ्यायला हात पुढं केला तर वहिनी हळूच म्हणाल्या, "आधी हात धुऊन ये हं. बादलीला हात लागलेत तुझे."

बादली वरून खाली सरांनी आणली होती. सर समोर उभे राहून चकली खात होते.

मी हात धुऊन आलो. साबण लावून.

आमचं गाव राजगुरुनगरपासून थोडं आत. आम्ही मातंग. आबा हलगी वाजवतात. लग्नात, जत्रेत, घाटात. घाटात ज्यांचे गाडे पळतात त्यांच्या जमिनींत आता गोदामं उभी आहेत, दारात मोठ्या गाड्या आहेत. आमच्याकडं जमीन नव्हती, त्यामुळं विकायलाही काही नव्हतं. मी डिप्लोमा केला आणि चाकणला एका कंपनीत वेल्डिंग शॉपला लागलो. पाच वर्षं शिफ्ट केली. मग कंपनीनं लेझर वेल्डिंगची नवी लाइन जर्मनीत बनवायला टाकली. ती चाकणला येण्याआधी शिकून घ्यायला दोन माणसं पाठवायची ठरली. एक इंजिनियर, एक टेक्निशियन. इंजिनियर निखिल सर, प्राधिकरणातल्या चांगल्या घरातले. टेक्निशियन मी. सात महिने. सरांबरोबर वहिनी आल्या. कंपनीनं एकच फ्लॅट दिला. मोठी खोली त्यांना, न्हाणीघराशेजारची लहान मला.

पहिल्या दिवशी मी मॅडम म्हणालो तर त्या म्हणाल्या, "मॅडम काय, वहिनी म्हण. परदेशात आपणच एकमेकांचे."

मला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं.

आणि तो देश मला आवडला होता. घड्याळ लावून यावी तशी बस यायची. पावाच्या दुकानातली बाई सगळ्यांना म्हणते तसंच मलाही सकाळचा नमस्कार म्हणायची. कधी बसमध्ये शेजारची सीट रिकामीच राहायची, ते कळायचं मला. पण माझं आडनाव त्या अख्ख्या गावात कुणाला कळत नव्हतं. ते ऐकून कुणाचा चेहरा बदलत नव्हता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी नाव सांगताना पूर्ण सांगायला लागलो.

फक्त आमच्या फ्लॅटमध्ये ते कळत होतं. आणि आबांचं मीच सांगितलं. पहिल्याच महिन्यात, घरची आठवण येत होती म्हणून. स्वयंपाकघरात उभा राहून, अभिमानानं. "वहिनी, आमच्या आबांसारखी हलगी आख्ख्या खेड तालुक्यात कुणी वाजवत नाही."

त्या शनिवारी नवा तवा आला, नवा कप आला. खालच्या फळीवर. "हे तुझं. तू नॉनव्हेज करतोस ना, म्हणून." सर कंपनीच्या कँटीनमध्ये माझ्या शेजारी उभे राहून डुकराचं सॉसेज खायचे. त्यांचा कप वेगळा झाला नाही.

मग जिना. त्या भागात अशी पद्धत आहे की इमारतीचा जिना प्रत्येक घरानं आठवडाभर साफ ठेवायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी लागते. आमच्या दारावर पहिल्यांदा पाटी लागली तेव्हा सर म्हणाले, "तू करून टाक रे. तुला सवय असेल."

मला सवय नव्हती. आमच्या घरी जिनाच नाही. पण मी केला. दर पाळीला मीच केला. खालच्या मजल्यावर एक म्हातारी बाई राहायच्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. स्वतःच्या आठवड्यात गुडघ्यावर बसून पायऱ्या पुसायच्या. एकदा त्या मला थांबवून सावकाश, मला कळेल असं म्हणाल्या, "तुम्ही घरात तिघं राहता. पुसतोस तू एकटाच?"

मी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणालो, "मला सवय आहे."

वाक्य सरांचं होतं. माझ्या तोंडात कधी जाऊन बसलं, कळलं नाही. पुढच्या तीन पायऱ्या पुसताना माझे कान तापले होते. तरी पुसल्या.

त्यानंतर तो रविवार. बादली. सोमवारपर्यंत बादलीचा व्हिडिओ चाकणच्या शॉपच्या ग्रुपवर गेला होता. तिथून ताईच्या मोबाइलवर. ताईनं तो आबांना दाखवला. आबांचा फोन आला तेव्हा मी बसस्टॉपवर होतो.

"कुणी सांगितलं वाजवाया?"

"सरांनी."

"आन् तू वाजीवली."

मी मोबाइल दुसऱ्या कानाला लावला.

"म्या बी वाजीवतो," आबा म्हणाले. "पन मला बलावणं येतं. मान्साचं नाव घेऊन बलावत्यात, मंग जातो. तुला त्यांनी बलावलं न्हाई. तुला नाचीवलं." आणि फोन ठेवला.

बस आली आणि गेली. मी दुसऱ्या बसनं गेलो. त्या अर्ध्या तासात माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. रडलो नाही. उलट सगळं स्वच्छ दिसायला लागलं. तवा, कप, जिना, साबण. एकेक. आणि मी ठरवलं की हे एकेक परत करायचं.

त्याच आठवड्यात पाटी आमच्या दारावर आली. मी ती काढली आणि सरांच्या खोलीच्या दाराला अडकवली.

"हे काय?" सर.

"जिना. या वेळी तुमची पाळी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"आहे सर. आताच आलंय."

वहिनी बाहेर आल्या. "अरे, इतकं काय त्यात? दहा मिनिटांचं काम."

"तेच म्हणतोय मॅडम. दहा मिनिटांचं काम आहे."

चार दिवस जिना तसाच राहिला. पाचव्या दिवशी खालच्या बाई वर आल्या, सरांच्या दारावरच्या पाटीकडं बोट दाखवून सरांना जे बोलायचं ते बोलल्या आणि जिन्यातच उभ्या राहिल्या. सरांनी बादली घेतली. मी त्याच वेळी बाहेरून आलो. बुटांना चिखल होता. पुसलेल्या पायऱ्यांच्या बरोबर मधून मी वर गेलो. सावकाश. सरांनी वर बघितलं. मीही बघितलं. मग वर उभा राहून चहा प्यालो, त्यांचं होईपर्यंत.

वाईट वागलो, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

खरी गोष्ट मशीनची होती. शिकायचं दोघांनी होतं, शिकलो मी. सर शुक्रवारी दुपारीच निघायचे. पॅरिस, प्राग, बर्फाचे डोंगर. मी मशीनपाशी. तिथला एक म्हातारा ऑपरेटर मला हाताला धरून शिकवायचा. पत्र्यावर जस्ताचा थर असतो. दोन पत्र्यांमध्ये फट कमी पडली तर त्याची वाफ कोंडते आणि जोडाला भोकं पडतात. फट किती ठेवायची, लेझरचा बीम कुठं टेकवायचा, आवाज बिघडला की काय समजायचं, हे सगळं माझ्या वहीत होतं. आधी सर दर आठवड्याला ती वही घेऊन जायचे, इंग्रजीत टाइप करायचे आणि खाली स्वतःचं नाव घालून चाकणला पाठवायचे. आता ते म्हणाले, "वही दे."

"नाही."

"कंपनीची आहे ती."

"अक्षर माझं आहे सर."

शेवटच्या आठवड्यात ट्रायल होती. जर्मन साहेब समोर, चाकणचे प्लांट हेड स्क्रीनवर. मशीन चालवून दाखवायची होती सरांनी. कारच्या पहिल्याच दरवाजाच्या जोडाला भोकं पडली. दुसऱ्यालाही. सरांनी तीन बटणं दाबली, घाम पुसला, आणि माझ्याकडं वळून हळू मराठीत विचारलं, "काय करायचं रे?"

मी इंग्रजीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून. म्हणालो, "सर, सगळे रिपोर्ट तुम्ही लिहिलेत. तुम्हीच सांगा."

सर पुन्हा मशीनकडं वळले. तिसरा दरवाजाही वाया गेला. चौथा गेला. मी हाताची घडी घालून उभा होतो. शेवटी स्क्रीनवरून प्लांट हेड म्हणाले, "तिथं दुसऱ्या कुणाला येतं का हे?"

मी पुढं गेलो. फट बदलली, बीम सरकवला. पाचवा दरवाजा निघाला तो एकसंध. सहावा, सातवा. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला मजा आली. खोटं कशाला बोलू? आयुष्यात इतकी मजा कधी आली नव्हती.

जानेवारीत परत आलो. तवा आणि कप तिथंच त्यांच्या फळीवर ठेवून आलो, मधोमध. चाकणला आल्यावर पहिल्याच आठवड्यात तक्रार लिहिली. जातीवरून अपमान, असं स्पष्ट शब्दांत. व्हिडिओ जोडला. हॉलमधल्या ज्यांची ज्यांची नावं माहीत होती ती लिहिली.

एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "अरे, दिवाळीची गंमत होती. तीही परदेशात. लाइन आता तुझ्या हातात आलीये, करिअर बघ." सर कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी आले. खांद्यावर हात ठेवला. "झालं गेलं सोड ना, भावा." सात महिने एका छपराखाली राहिलो, तेव्हा हा शब्द त्यांना सुचला नव्हता. मी खांदा काढून घेतला.

मग गेल्या रविवारी सर आणि मृण्मयी मॅडम आमच्या गावाला गेले. मी ड्यूटीवर होतो. पेढे नेले, आईला साडी नेली. संध्याकाळी आबांचा फोन.

"पोरा, बाई लई चांगली हाय रं. खाली सतरंजीवर बसली. आपल्या तांब्यातलं पानी प्याली. तुज्या आईनं च्या केला, त्यो बी प्याली."

आबांचा आवाज खुशीत होता. बसस्टॉपवर मला जागं करणारे तेच आबा. हे मला बादलीपेक्षा जास्त लागलं. पाणी पिऊन दाखवायला पाच मिनिटं पुरली त्या बाईला. माझ्या बापाचा साठ वर्षांचा राग तेवढ्यात विकला गेला.

"आबा," मी म्हणालो, "तहान लागली की माणूस पाणी पितं. त्यात आपल्यावर उपकार कसले?"

मागं आई काहीतरी विचारत होती. मग आबा म्हणाले, "मिटवून टाक म्हनत हुते."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, पोराला इचारतो."

"मग आता विचारलंत. साडी आणि पेढे उद्या मी परत देऊन येतो."

आबा एवढंच म्हणाले, "जा. तुजं तू बग."

रात्रीच गावाला जाऊन मी दोन्ही घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला, सगळे जमलेले असताना, मी साडी आणि पेढ्यांचा बॉक्स सरांच्या टेबलावर ठेवला. आणि मशीन सुरू करायला गेलो.

या सोमवारी चौकशी समितीची बैठक आहे. मिटवायला तिघं येऊन गेले, अजून येतील. बढतीचं बोलतील, आबांच्या वयाचं बोलतील, सरांच्या संसाराचं बोलतील. मी सगळ्यांना बसायला देईन, चहा देईन. व्हिडिओ मी पूर्ण आवाजात लावणार आहे. त्यात गुडघ्यावर बसलेला मी आहे, आणि तो सगळ्यांनी नीट बघावा अशीच माझी इच्छा आहे. सरांची खुर्ची रिकामी झाल्याशिवाय मी तक्रारीचा तो कागद मागं घेणार नाही. रिकामी झाली, तरी घेणार नाही.