मणक्याची मंडळी आणि त्यांच्या पुड्या

मणका मोडलेली चार-पाच माणसं एका हॉलमध्ये बसवली की ती दोनच विषयांवर बोलतात. एक, सकाळी पोट साफ झालं की नाही. दोन, कोणी कोणतं औषध सांगितलं. पहिल्या विषयावरचे किस्से खरं तर जास्त चांगले आहेत, पण ते चारचौघांत सांगता येत नाहीत. म्हणून हे दुसरे.

आमचा हॉल म्हणजे अमरावतीतलं एक फिजिओथेरपी सेंटर. चालायचा सराव करायला दोन समांतर दांड्या असतात ना, ती जोडी इथं एकच आहे. माणसं पाच-सहा! त्यामुळे गुरुवारी व्यायाम वीस मिनिटं आणि वाट बघणं दोन तास. किस्से साचणार नाहीत तर काय होईल?

मी शाळेत विज्ञान शिकवते. गच्चीवर कुरडया वाळत घालून उतरताना लोखंडी जिन्यावरून घसरले आणि कमरेचा मणका गेला. आता वॉकर घेऊन चालते. चालण्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट आहे ती आग. दोन्ही पावलांना कोणी मिरची वाटून लावलीय, अशी आग. वीस मिनिटं बसलं की सुरू होते आणि मग कुठं ठेवू हे पाय, असं होऊन जातं. शाळेचा तास पस्तीस मिनिटांचा. उरलेली पंधरा मिनिटं माझ्याकडे नाहीत, एवढंच माझं दुखणं आहे बघा.

* * *

डॉक्टरांनी या आगीवर गोळ्या दिल्या. आग कमी झाली, पण झोप यायला लागली. साधी झोप नाही हो, म्हैस पाण्यात बसते तशी झोप!

नववीच्या वर्गात मी खुर्चीवर बसून विद्युतधारा शिकवत होते. "धारा वाहते ती..." एवढं म्हटलं आणि थेट घंटा ऐकू आली. डोळे उघडले तर पन्नास मुलं हाताची घडी घालून बसलेली. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. माझ्या सगळ्या नोकरीत तो वर्ग इतका शांत कधी बसला नव्हता.

बाहेर पडताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमी झोपा उद्याबी. आमी कोनाले सांगत नाई."

पण सांगितलं कोणीतरी. मुख्याध्यापिकाबाई चांगल्या आहेत, त्यांनी चहा पाजून सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघू. नाही जमलं तर तुम्ही लायब्ररी सांभाळा." लायब्ररीत शिकवायला कोणी नसतं. मी घरी येऊन खूप रडले. आणि गोळ्यांशिवाय आग कमी करणारं काही मिळतं का, ते शोधायला लागले. विज्ञानाची बाई, आणि शोधतेय काय, तर पुड्या!

* * *

शोधायला फार लांब जावं लागत नाही. वॉकर घेऊन रस्त्यावर उभं राहिलं की औषधं चालत येतात. ऑटोवाला निर्गुडी सांगतो, भाजीवाली एरंडाचं तेल. बँकेत रांगेत उभी होते तर कॅशियरनं रांग थांबवून मला शेवग्याचा पाला सांगितला. मागचा माणूस चिडला. मला वाटलं, उशीर झाला म्हणून चिडला असेल. तर तो म्हणाला, "अहो साहेब, पाला नाही, शेवग्याची साल! नीट तरी सांगा!"

* * *

आमच्या हॉलमधले सत्तारचाचा अकोल्याचे. ट्रक चालवायचे. बाळापूरच्या पुढं ट्रक उलटला तेव्हापासून व्हीलचेअरवर आहेत. दर गुरुवारी भाच्याच्या गाडीतून येतात. पाठीच्या दुखण्यानं माणूस इतका वाळला होता की शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा.

मग एका गुरुवारी चाचा आले ते गोल चेहरा घेऊन. गाल वर आलेले, भूक जबरदस्त, दुखणं गायब. "देखो बाई, क्या सेहत बनी है! ये डब्बे का कमाल है." असं म्हणत त्यांनी पावडरचा डबा फिरवला. त्यावर दाढीवाल्या बाबांचा फोटो आणि खाली "शंभर टक्के नैसर्गिक." आम्ही सगळ्यांनी चमचा-चमचा मागून घ्यायची तयारी केली होती.

तेवढ्यात आमच्या फिजिओ कल्याणी मॅडम आल्या. डब्याकडे त्यांनी बघितलंच नाही, चाचांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "चाचा, ही तब्येत नाही, ही सूज आहे. यात स्टिरॉइड असणार. आजच्या आज डॉक्टरांकडे. आणि मनानं एकदम बंद करायचं नाही, तेही धोक्याचं असतं."

डॉक्टरांनी साखर तपासली, ती कुठल्या कुठं गेलेली. मग हळूहळू डोस उतरवत सोडवलं त्यांनी. डबा बनवणाऱ्याचा पत्ता नव्हता, फक्त एक मोबाइल नंबर होता. चाचांनी स्पीकरवर फोन लावला. "बाबाजी हैं?"

पलीकडचा म्हणाला, "कौन बाबाजी? हम तो स्टिकर छापते हैं. सॅम्पल में हमारा नंबर था, वो लोगों ने वैसाच छपवा लिया!"

"और फोटो?" चाचांनी विचारलं.

"वो मेरे ससुर हैं."

* * *

आता देवाभाऊ. हे आमच्या हॉलची जान. बडनेऱ्याकडं यांचा पानठेला आहे. घरावर टिनाचे पत्रे टाकताना छतावरून पडले. बेंबीच्या खाली काहीही कळत नाही. चिमटा काढा, टाचणी टोचा, काही नाही. आम्ही सगळे कण्हत असायचो आणि हा माणूस मधे बसून चेष्टा करायचा. "तुमचं हे अर्धवट मोडलं ना, त्याचा तरास हाय. मायं पाहा कसं, पूर्ण! बेंबीखाली सारा आनंदीआनंद!" मला तर कधीकधी त्यांचा हेवा वाटायचा.

त्यांच्या मेव्हण्यानं एकदा शेक सांगितला. पाल्याची पुरचुंडी करायची, तव्यावर तापवायची आणि तळपायाला बांधायची, म्हणजे पायात जान येते. वहिनींनी बांधली. देवाभाऊ आरामात टीव्ही बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनीच आवाज दिला, "अवो, दूध पाहा वो! काईतरी जयून राह्यलं."

वहिनी धावत स्वयंपाकघरात गेल्या. दूध ठीक होतं. परत येऊन बघतात तर जळत होता तो यांचा पाय!

त्या जखमेला भरायला तीन महिने लागले. पण हॉलमध्ये हा किस्सा स्वतः देवाभाऊंनीच सांगितला आणि असा सांगितला की कल्याणी मॅडमनाही हसू आवरेना. नंतर मात्र मॅडमनी सगळ्यांना दम भरला. ज्या पायाला कळत नाही त्याला गरम काही लावायचं नाही म्हणजे नाही.

* * *

तरी आम्ही सुधरलो का? छे! त्याच मेव्हण्याची गाडी काढून मी, चाचा आणि देवाभाऊ परतवाड्याच्या पुढं गेलो. चिखलदऱ्याचा घाट लागायच्या आधी एक जडीबुटीवाले आजोबा बसतात, त्यांच्याकडं. ओसरीवर पोत्यांची रांग, वास असा की नाक मोकळं व्हावं.

माझ्या आगीसाठी त्यांनी एक पावडर काढली, मी वही काढली. "बाबा, पावडरीत काय आहे?"

"मुळी."

"कशाची मुळी?"

"झाडाची."

"कोणत्या झाडाची?"

"ज्याची मुळी हाये त्या झाडाची." माझी वही तशीच कोरी राहिली. पण माणूस लबाड वाटला नाही. "गुण आला तं घ्याजा, उलटी झाली तं बंद करजा," एवढंच बोलले आणि पावडरीची डबी माझ्या हातात दिली. चाचांनी आधीच कानाला हात लावलेले, त्यामुळे त्यांनी नुसता चहा घेतला. शेवटी आजोबांनी देवाभाऊंना विचारलं, "तुमाले काय दुखते?"

देवाभाऊंनी नेहमीचंच सांगितलं, "आपल्याले काय दुखते बावा! बेंबीखाली आनंदीआनंद!"

आजोबांनी दुसऱ्या डबीचं झाकण लावून टाकलं. "मंग तुमाले औषद नाई. मायं औषद दुखन्याचं हाये."

देवाभाऊ हसले. पण परत येताना पूर्ण रस्ताभर ते खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, गाडी लागली असेल.

* * *

डबी बघून कल्याणी मॅडम म्हणाल्या, "फेका ती. आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. चाचांचं बघितलंत ना? तुम्ही तर विज्ञान शिकवता!"

शेवटचं वाक्य मला लागलं. खरंच, शिकवते ना? मग प्रयोग करू! दुसऱ्याच दिवशी मी ठरवलं. चौदा पुड्या, रोज एक. एका आठवड्याच्या खऱ्या, एका आठवड्याच्या खोट्या. दिसायला सारख्या, चवीला सारख्या. कोणत्या आठवड्याच्या खऱ्या ते मला माहीत नसणार. रोज आगीला दहापैकी मार्क द्यायचे.

पुड्या बांधायला देवाभाऊंपेक्षा चांगला माणूस कोण? जन्म गेलाय त्यांचा पुड्या बांधण्यात. डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती जरा जास्तच वेळ हातात धरली, असं आता वाटतं. पुढच्या गुरुवारी चौदा पुड्या आणून दिल्या. प्रत्येकीवर आकडा, घडी अशी की उलगडताना वाईट वाटावं.

पहिली पुडी कडूजहर! तिथंच मी ओळखलं, हा खऱ्या औषधाचा आठवडा. आणि काय सांगू तुम्हाला! तिसऱ्या दिवशी आग निम्म्यावर आली. चौथ्या दिवशी सलग झोपले. मंगळवारी नववीच्या वर्गात बसले, विद्युतधारा पहिल्यापासून शिकवली आणि घंटा झाली तेव्हा मी जागी होते, बसलेली होते आणि मुलं गोंधळ घालत होती. इतका गोड गोंधळ मी कधी ऐकला नव्हता. मुख्याध्यापिकाबाई दारातून बघून गेल्या.

दुसऱ्या आठवड्याची पहिली पुडी जिभेवर ठेवली आणि कळलं, ही खोटी. कडूच होती, पण काहीतरी कमी होतं. त्याच संध्याकाळी आग वाढली. बुधवारी तर मी बाराव्या मिनिटाला वर्ग सोडून बाहेर आले.

मी आलेखाच्या कागदावर दोन रंगांत आलेख काढला आणि गुरुवारी हॉलमध्ये सगळ्यांसमोर मांडला. पहिला आठवडा खाली, दुसरा वर! "वा बाई, वा!" चाचांनी टाळ्या वाजवल्या. कल्याणी मॅडमनी आलेख हातात घेऊन दोनदा बघितला. फक्त देवाभाऊंनी एकही चेष्टा केली नाही. असं पहिल्यांदाच होत होतं.

चाचा दांड्यांकडे गेल्यावर देवाभाऊंनी खुर्ची माझ्याजवळ सरकवली. "ताई, एक सांगू काय? रागावू नोका."

"बोला ना."

"चवदाच्या चवदा एकच होत्या."

मला आनंदच झाला. "म्हणजे सगळ्या खऱ्या?"

"नाई. सगळ्या म्या केल्या. घरी."

"मग आजोबांचं औषध?"

"म्या खाल्लं."

ते फरशीकडे बघून बोलत होते. "लय आग होते ताई. ज्या पायाचा मले पत्ताच नाई, तो पाय रातदिस जयते. हे कोनाले सांगू? बायकोले सांगतलं तं ते म्हनन, आता डोस्क्यावरबी परिनाम झाला. म्हून मी हासतो. त्या बावाले म्या खोटं सांगतलं, तं त्यानं औषदच नाई देल्लं. मंग तुमची डबी हातात आली..."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. इतके गुरुवार मी या माणसाशेजारी बसून माझीच आग मोजत होते, याची लाज मात्र वाटली. मी त्यांचा हात धरला. "अहो देवाभाऊ, हे वेड नाही. असं दुखतं. डॉक्टरांना माहीत असतं. आत्ताच्या आत्ता कल्याणी मॅडमना सांगा, आणि औषध खाल्लंत तेही सांगा."

"सांगतो," ते म्हणाले आणि डोळे पुसले.

"पण गुण आला का हो?"

"थोडाकबी नाई ना!"

मग आम्ही दोघं हसलो. मॅडम वळून बघायला लागल्या इतके हसलो. हसता हसता मला आठवलं, सोमवारी दहावीचा तास आहे. पूर्ण पस्तीस मिनिटांचा. मुख्याध्यापिकाबाई स्वतः वर्गात बसायला येणार आहेत.

मी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली केला. "देवाभाऊ, तुमच्या त्या पुडीत काय काय होतं हो?"

देवाभाऊंनी पण इकडंतिकडं बघितलं. मग मान हलवली.

"ते नाई सांगत ताई. सांगतलं का गुन जाते."