बद्द वाजणारी नाणी

टांकसाळीत त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि हे नाव त्याला पगाराहून प्यारं होतं. काम म्हणाल तर एवढंच, निकेलचं ताजं नाणं लोखंडी ठोकळ्यावर टाकायचं आणि ऐकायचं. चांगलं नाणं बारीक, लांबलचक वाजतं. आत चीर असेल तर बद्द. बद्द वाजलं की टोपलीत, तिथून परत भट्टीत. सत्तावीस वर्षं हेच. गडी बसायचा मात्र छाप मारणाऱ्या यंत्रांपासून दहा पावलांवर. कानात कापूस घाल म्हटलं, तर ‘मग ऐकू कशाने, नाकाने?’ असं उलट विचारायचा. गेली दोन वर्षं त्याची टोपली जरा जास्तच भरत होती, आणि साहेब त्याच्या कडकपणाचं कौतुक करत होते. शहाणेच सगळे.

मग नवं, छोटं नाणं निघालं. त्याचा पहिला ट्रे अख्खा बद्द. दुसराही. कानसेनाचं डोकं फिरलं. त्याने यंत्रं थांबवायला लावली आणि सगळ्यांदेखत भट्टीवाल्याला, आपल्या वीस वर्षांच्या दोस्ताला, चोर ठरवलं. निकेल विकून खाल्लंस आणि भलतंच काहीतरी ओतलंस, म्हणाला.

साहेबांनी एक नाणं उचलून ठोकळ्यावर टाकलं. लांबच्या टेबलावरच्या बायकांनीसुद्धा माना वळवल्या.

“बघा,” कानसेन म्हणाला, “आहे का काही आवाज?”

भट्टीवाल्यानेच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“दादा, वाजतंय.”

तो घोगरा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला.

डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले ते गेले, आणि नाणं जितकं छोटं तितका त्याचा आवाज बारीक. कानाला यंत्र लावूनही फारसा उपयोग नाही. साहेबांनी त्याची बदली पोती शिवायच्या खोलीत केली. तिथे कानांची गरज नव्हती.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिचा आवाज मुळात बारीक. दोन वर्षांपूर्वी तिने त्याच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं, कारण हा गृहस्थ उत्तरच देत नसे. तिला वाटलं, आपला कंटाळा आला. त्याला वाटलं, वयाने ही शांत झाली. आमच्या घरात कशी शांतता असते, हे तो जेवणाच्या सुट्टीत फुशारकीने सांगायचाही.

आता ती भरभर बोलू लागली. साठलेलं सगळंच बाहेर पडत होतं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिला आणखी दुखवायचं नव्हतं, म्हणून ती जिथे थांबेल तिथे मान डोलवत होता.

“मी गप्प झाले,” तिने शेवटी विचारलं, “तेव्हा तुम्हाला बरं वाटलं का हो?”

“हो, हो,” तो मायेने म्हणाला.