एकदाच घातलेलं गाऱ्हाणं

कुडाळच्या प्रशिक्षण वर्गात सनोबर मॅडमनी रेकॉर्डिंग थांबवलं, तेव्हा दीपिका मेस्त्रीची कानशिलं तापली होती. आवाज तिचाच होता. रुग्णाच्या परवानगीने तिनेच तो भरून आणला होता. हरिश्चंद्र नावाचा माणूस त्यात पुन्हा पुन्हा विचारत होता, "नाव घेतलंय मा मी? कोणाक काय होवचा नाय मा?" आणि दर वेळी दीपिका तत्परतेने म्हणत होती, "व्हय, घेतल्यात. व्हय, काय होवचा नाय."

"दीपिकाताई," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही उपचार करताय, की देवळातल्या गाऱ्हाण्याला साथ देताय?"

वर्ग हसला. दीपिका हसली नाही.

ती मालवण तालुक्यातल्या मसुऱ्याकडची. लग्न झाल्यावर काजूच्या कारखान्यात बसून तिने बिया फोडल्या, चिकाने बोटांची कातडी घालवली. मग आशा सेविका म्हणून दारोदार फिरली. पोरं मोठी होता होता समुपदेशनाची पदविका केली आणि मालवणातल्या एका संस्थेच्या केंद्रात लागली. मिळालेलं काम अर्धवट करणं तिला ठाऊक नव्हतं. म्हणूनच ते हसणं लागलं. तिने कमी काम केलं नव्हतं. उलट जास्त केलं होतं, आणि तेच चुकलं होतं.

मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, असलेल्या माणसांवर उपचार कसे करायचे, हे त्या वर्गात शिकवत. सनोबर मॅडम मालवणच्याच, बंदरावर सुक्या मासळीचा व्यापार करणाऱ्या मुसलमान घरातल्या. बोलणं सरळ. "नको तो विचार प्रत्येकाला येतो," त्या सांगत. "होडीत पुढे बसलेल्याला ढकललं तर, असं तुमच्याही मनात येऊन गेलं असेल. तुम्ही ते सोडून देता. मंत्रचळाचा माणूस म्हणतो, विचार आला म्हणजे आता जबाबदारी माझी. हा अर्थ त्याचा त्यानेच तपासायला हवा. तुम्ही खात्री दिलीत की तो तपासत नाही. बरं वाटून घरी जातो आणि उद्या परत खात्री मागायला येतो."

हरिश्चंद्राची गोष्ट अशी. खाडीपलीकडच्या एका वाडीत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे. देवापुढे नारळ ठेवायचा, ज्याने त्याने सांगितलेली मागणी नावानिशी मोठ्याने देवाच्या कानावर घालायची, आणि जमलेल्या लोकांनी प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. बाप गेल्यावर हे काम त्याच्याकडे आलं. चांगलं करायचा. गेल्या वर्षी वाडीतल्या एकाची होडी उलटली, त्याचा पाय मोडला. हरिश्चंद्राच्या मनाने घेतलं, की जत्रेच्या गाऱ्हाण्यात आपल्याकडून त्याचंच नाव सुटलं.

तेव्हापासून तो घरात भिंतीकडे तोंड करून सगळं गाऱ्हाणं परत घाली. बायको रुक्मिणीने मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तिला उशीर झाला की पहिल्यापासून. तिचा घसा कायमचा बसला. भावाच्या लग्नाला ती गेली नाही. मागे व्हय कोण म्हणणार? देवळातही तो तेच तेच घोळवू लागला, लोक उभे राहून कंटाळले. शेवटी गावकऱ्यांनी बजावलं: यंदाच्या जत्रेला गाऱ्हाणं एकदाच घालून बाजूला झालास तर ठीक, नाहीतर मान तुझ्या चुलतभावाकडे, सत्यवानाकडे. या घराकडून मान कधी गेला नव्हता. जत्रा तोंडावर आली होती.

कुडाळहून परतताना एसटीत दीपिका स्वतःवरच चिडली होती. गाऱ्हाणं ऐकलं की तोंडून व्हय निघायचंच. आईच्या कडेवर असल्यापासूनची सवय. समोरचा हात जोडून विचारतो, आणि आपण गप्प बसायचं? तिला ते माणुसकीला सोडून वाटे. पण रुक्मिणीचा घसा तिने ऐकला होता. तिच्या माणुसकीने तो आणखीच बसणार होता.

घरी तिने सराव सुरू केला. कोणी खात्रीसाठी विचारलं तर लगेच उत्तर द्यायचं नाही. नवऱ्याने पहिल्याच दिवशी जेवताना विचारलं, "आमटीत मीठ घातलंस मा गो?"

दीपिकाने त्याच्या ताटात भात वाढला.

"मौन धरलंस काय? बरा झाला. देव पावलो माका."

तरी ती बोलली नाही. बिया फोडण्यापेक्षा हे जड होतं.

पुढच्या भेटीत हरिश्चंद्राने नेहमीचा प्रश्न टाकला. दीपिकाने उत्तर गिळलं आणि विचारलं, "काकानू, तुमचो बापूस गाऱ्हाणा परत घाली?"

"कधीच नाय. तो म्हणा, एकदा घातला की ता देवाचा झाला. परत घालूचा म्हणजे देवाक कानान आयकाक येणा नाय म्हटल्यासारखा."

"मगे आता परत घालतास ता कोणासाठी?"

बाहेर रुक्मिणीच्या खोकल्याचा आवाज आला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

मग दोघांनी मिळून दोन गोष्टी समोरासमोर मांडल्या. एक: हरिश्चंद्राच्या जिभेवर गावाचे जीव टांगलेले आहेत. दुसरी: कोणाचं वाईट होऊ नये म्हणून झुरणारा हा माणूस आहे, आणि झुरण्यानेच तो बांधला गेलाय. कुठली खरी, हे बोलून कळणार नव्हतं. करून बघायला हवं होतं. जत्रेत गाव व्हय म्हणेल, ते गावाचं आहे, ते राहू दे. त्यानंतरचं व्हय कोणी म्हणायचं नाही. रुक्मिणीने नाही, दीपिकाने नाही. हे हरिश्चंद्रानेच ठरवलं.

"आणि परत न घालता माका रवला नाय तर?"

व्हय, रवतला, हे शब्द तिच्या ओठांवर आले. "बगूया," ती म्हणाली.

जत्रेच्या सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. दीपिका खांबाला टेकून उभी राहिली. रुक्मिणी तिच्या शेजारी. समोरच सत्यवान, आणि त्याची मुलगी सृष्टी. दुसऱ्या दिवशी ती नर्सच्या नोकरीसाठी परदेशी जाणार होती. तिचं नाव गाऱ्हाण्यात घ्यायला सत्यवानाने स्वतः हरिश्चंद्राला सांगितलं होतं.

हरिश्चंद्राने नारळ ठेवला. आवाज पहिल्यांदा चिरकला, मग सापडला. एकेक नाव येत गेलं, एकेक मागणी, आणि गाव गरजत गेलं, "व्हय म्हाराजा!" दीपिकाही त्यात होती. ते तिचं होतं. शेवटाकडे येताना मागे एका हौशी पोराने ढोलावर टिपरी हाणली. कोणीतरी त्याच्यावर खेकसलं. तेवढ्यात एक मागणी होऊन गेली.

गाऱ्हाणं संपलं. हरिश्चंद्र नारळाकडे बघत उभाच राहिला. सत्यवानाची मान ताणली गेली. देवळातली कुजबुज थांबली. मग हरिश्चंद्र पाठ न दाखवता मागे सरला, वळला, आणि गर्दीतून थेट दीपिकासमोर आला. कपाळावरून घाम गळत होता.

"बाय," तो हळूच म्हणाला. "सृष्टीचा नाव घेतलंय मा मी?"

तिने ते नाव ऐकलंच नव्हतं. ढोलात बुडालं असेल. किंवा घेतलंच नसेल. मुलगी चार हातांवर उभी होती, आईशी हसत होती. व्हय म्हणणं खोटं झालं असतं. नाय म्हटलं असतं तर तो देवापुढे परत धावला असता. आणि काहीच न म्हणणं? रुक्मिणीने पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. तिच्या घशात व्हय येऊन अडकलेलं दीपिकाला दिसत होतं.

"बाय, सांगा मा. एकदाच."

"काकानू, ह्या व्हय कोणाचा?"

त्याचा चेहरा पिळवटला. तो देवाकडे अर्धा वळला. एक पाऊल टाकलं. रुक्मिणीने डोळे मिटले. मग त्याने पाऊल मागे घेतलं, खांबाला हात लावला आणि पायऱ्या उतरायला लागला. एकेक पायरी, नव्याने चालायला शिकल्यासारखी. आवाराच्या दगडी गडग्यावर तो बसला. बरं वाटल्याची एकही खूण तोंडावर नव्हती. घाम गळत होता. पण तो बसून राहिला.

सत्यवान त्याच्यापाशी गेला.

"चाय घेतलंस काय रे?" सत्यवानाने विचारलं.

"नाय अजून."

"मगे चल."

दोघे चहाच्या टपरीकडे गेले. रुक्मिणी तिथेच खाली बसली आणि फुटक्या आवाजात म्हणाली, "गो बाय, मी उद्या माहेराक जातंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीपिका घरी भाकऱ्या भाजत होती. सृष्टीचं विमान उतरलं असेल, असं मनात आलं. सत्यवानाचा नंबर तिच्याकडे होता. सहज म्हणून फोन करायचा, पोचली का एवढंच विचारायचं, एक व्हय ऐकायचं. तिने हात पुसले, फोन उचलला. तव्यावरची भाकरी करपली.

तिने फोन पालथा ठेवला आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.