मासे गेले तेव्हापासून

स्क्रीनसेव्हरचा आता काही उपयोग उरला आहे का, हे मी गेल्या उन्हाळ्यात भेटेल त्याला विचारत होतो आणि विचारावं तितका जास्त गोंधळत होतो. ज्या दुकानातून नवा मॉनिटर घेतला तिथला माणूस हसलाच. "सर, ते जुन्या काचेच्या मॉनिटरला लागायचं. एकच चित्र फार वेळ राहिलं की त्याचा डाग पडायचा. आता कोण लावतं?" ऑफिसातल्या कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, उलट वीज खातो, त्यापेक्षा स्क्रीन काळी होऊ द्या. शेजारच्या काकांनी महागडा टीव्ही घेतला होता. त्यांचं म्हणणं, डाग आजही पडतो, आमच्या टीव्हीवर बातम्यांच्या पट्टीचा पडलाय, बघायला या. गेलो. मला काही दिसला नाही. दिसला म्हणालो, चहा प्यायलो आणि परत आलो.

मला या चौकशीचा शौक नव्हता. आई आमचं इंदिरानगरचं घर सोडून मनमाडला दादाकडे राहायला निघाली होती. का निघालीस म्हणून विचारलं की एवढंच म्हणायची, "तुझे मासे गेले ना, तेव्हापासून मला इथं करमत नाही."

मासे म्हणजे माझ्या जुन्या कॉम्प्युटरवरचा स्क्रीनसेव्हर. मी बरीच वर्षं घरूनच काम करतो. बायको सकाळी शाळेत शिकवायला गेली की घरात मी आणि आई, दोघंच. मी जरा वेळ माऊसला हात लावला नाही की स्क्रीनवर निळं पाणी यायचं आणि त्यात केशरी मासे फिरायला लागायचे. मी ते कधी धड बघितलेही नव्हते. मग ऑफिसनं लॅपटॉप दिला, मी त्याला मोठा मॉनिटर जोडला, आणि जुना कॉम्प्युटर मासे पोटात घेऊन माळ्यावर गेला.

नव्या लॅपटॉपची एक कटकट होती. ऑफिसच्या चॅटमध्ये माझ्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. हात जरा थांबला की तो पिवळा होतो, आणि पिवळा झाला की आमच्या पुण्याच्या साहेबांचा फोन येतो, "आहात ना?" माणूस विचार करताना हात थांबवतो, हे साहेबांना कोणी सांगायचं? शेवटी एका सहकाऱ्यानं उपाय सांगितला. माऊसखाली ठेवायची एक गोल तबकडी मिळते. ती आपोआप फिरते, माऊस हलता राहतो, ठिपका हिरवा राहतो. मी मागवली. फार समाधान झालं. मी गच्चीवर असलो काय आणि भाजी निवडत असलो काय, स्क्रीनवर बाण आपला इकडून तिकडे फिरत असायचा.

त्याच सुमाराला आई माझ्या खोलीत यायची बंद झाली. आधी ती दिवसातून बरेचदा यायची. दाराशेजारच्या स्टुलावर बसायची आणि काहीही बोलायची. खालच्या मजल्यावर कोण आलं, पिंपळगावहून आणलेली द्राक्षं किती आंबट निघाली, तिच्या गुडघ्यातून आज कुठल्या बाजूला कळ निघाली. मला त्या बोलण्याची सवय होती, पण आपल्याला सवय आहे हे माहीत नव्हतं. ती यायची थांबल्यावर खोली कशी तरी वाटायला लागली. मी बायकोला विचारलं, तुझं आणि आईचं काही झालं का? ती भडकलीच. "माझं कशाला होईल? दिवसभर घरात तू असतोस." मग वाटलं गुडघ्याचं दुखणं वाढलं असेल. डॉक्टरांकडे नेलं. गुडघा होता तसाच होता. आणि मग एक दिवस पलंगावर पिशवी दिसली, तिच्यात घडी केलेली लुगडी, औषधाचा डबा, चष्म्याचं घर. दादा रविवारी न्यायला येणार होता, तेही तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं.

मला राग आला. निघताना माणूस भांडतं, रडतं, काही तरी कारण देतं. मासे हे काय कारण झालं? तरी म्हटलं, मासे तर मासे. हॉलमधल्या टीव्हीवर मी तिला समुद्रातल्या माशांचा एक लांबलचक व्हिडिओ लावून दिला. काय ते रंग, काय ते कल्ले! आईनं भिडेखातर थोडा वेळ बघितलं आणि रिमोट माझ्या हातात दिला. "मला काय करायचेत मासे बघून?"

आता मात्र माझी मतीच गुंग झाली. हिला मासे हवेत की नकोत?

शेवटी दादाला फोन लावला. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, वडिलांसारखाच रेल्वेत लागलेला, आणि मनमाडच्या आमच्या जुन्याच रेल्वे वस्तीत राहणारा. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला आठवत नसंल. तू लय लहान होता. बाबांचा डबा घेऊन आई सिग्नलच्या केबिनला जायची ना, तर खालीच उभी राहायची. वरती बाबा खटके ओढत असायचे. ड्यूटीवरल्या माणसाला हाक मारायची नाय, असा नियमच होता आपल्याकडं. हाक मारली अन्‌ भलताच खटका ओढला गेला तर? मग बाबांना उसंत मिळाली की ते खिडकीला टॉवेल टाकायचे. टॉवेल दिसला का आई जिना चढायची. उन्हात उभी राहील, पण हाक मारणार नाय."

मी फोन ठेवला. समोर माझा बाण स्क्रीनवर फिरत होता. इतकी वर्षं आई दारातून आधी स्क्रीनकडे बघायची. मासे दिसले की आत. अक्षरं दिसली की तशीच मागे. आणि मी तो टॉवेल कायमचा काढून घेतला होता, वर तबकडी लावून ठेवली होती. माझा जीव कळवळला. पण खरं सांगायचं तर थोडी चीडही आली. अगं, मी काय गाड्या सोडतो का? चुकून एखादं बटण दाबलं गेलं तर फार तर चुकीची मेल जाईल. एक हाक मारायची होती!

ऑफिसच्या लॅपटॉपवर आपल्या मनानं काही टाकता येत नाही. म्हणून शनिवारी मी माळ्यावरून जुना कॉम्प्युटर काढला, पुसला, नव्या मॉनिटरशेजारी मांडला आणि सुरू केला. घरघर करत का होईना, निळं पाणी आलं. मासे जसेच्या तसे होते. त्या दिवशी सुट्टी असूनही साहेबांनी काम लावलं होतं, त्यामुळे दुसरीकडे अक्षरं होती आणि तबकडी माऊस फिरवत होती. मी मोठ्या उत्साहानं आईची वाट बघत बसलो.

ती आली. हातात चहाचा कप होता. उंबऱ्यातच थांबली, आधी माशांकडे बघितलं, मग बाणाकडे, मग परत माशांकडे.

"यातलं खरं कुठलं?" तिनं विचारलं.

मी दोन्ही स्क्रीनकडे आळीपाळीनं बघितलं. पूर्वीचे मासे खरे होते, कारण मी ते कोणासाठी लावलेच नव्हते. हात थांबला की ते यायचे. आता हे मासे आईला दाखवायला होते आणि तो बाण साहेबांना दाखवायला. मी स्वतः कामात होतो की मोकळा, ते त्या टेबलावर कुठेच दिसत नव्हतं.

"चहा निवतोय," आई म्हणाली. अजून उंबऱ्याबाहेरच.

मी तबकडी बंद केली आणि लॅपटॉप मिटला. मोठा मॉनिटर काळा झाला. मग जुन्या कॉम्प्युटरचंही बटण दाबलं. मासे गेले. टेबलावर दाखवण्यासारखं काहीच उरलं नाही.

"ये," मी म्हणालो.

ती आत आली, स्टुलावर बसली, कप माझ्या हातात दिला. गुडघ्यावर हात फिरवत म्हणाली, "दादाला फोन लाव."

ती त्याला ये म्हणणार की येऊ नको म्हणणार, हे तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मी नंबर लावून फोन तिच्याकडे दिला. तेवढ्यात टेबलावरचा ऑफिसचा फोन वाजायला लागला. साहेबच असणार, ठिपका पिवळा झाला होता ना. आईनं कानाला लावलेला फोन खाली घेतला आणि अर्धवट उठली.

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. फोन वाजून वाजून थांबला.

"अरे," ती दादाला म्हणाली, "उद्या नको येऊ. याला आज जरा उसंत हाय."