मुठीतला नट

पिंपरीच्या कारखान्यात मी सायकलने जायचो, तेव्हा चिंचवडच्या वाटेवर एक सायकल दुरुस्त करणारा बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. हात कसबी होता, पण मन एका कामावर ठरायचं नाही. पंक्चर काढता काढता तो दुसऱ्याची चेन बघायला उठायचा, तिथून पाणी आणायला जायचा आणि परत येऊन खिशातलाच पाना गोणपाटाखाली शोधायचा. गिऱ्हाइकं खेकसायची, "लक्ष कुठं असतं रे तुझं?"

म्हणून त्याने एक रीत पाडली होती. चाक खोललं की नट गिऱ्हाइकाच्याच मुठीत द्यायचा. "तुमीच धरा. माझ्या नजरंआड झालं की डोक्यातनं बी जातंय."

एकदा कामावर पोचायच्या घाईत मीच तो नट खिशात टाकला आणि निघालो. त्यालाही मागायचं सुचलं नाही. कारखान्याच्या फाटकाशी पुढचं चाक डुगडुगलं, तेव्हा मला आठवलं. संध्याकाळी सायकल ढकलत परत आलो आणि खजील होऊन नट पुढे केला.

"एवढं चालत आला व्हय? बसा जरा," तो म्हणाला. नट आवळून त्याने चाक दोनदा हलवून पाहिलं.

लक्ष कुठं होतं, असं त्याने मला विचारलं नाही.