चष्म्यातला धुरा

आमच्या सौंसरच्या शाळेत आभासी जग दाखवणारे चष्मे आले, तेव्हा ते लावायचे कुठे यावर शिक्षकांच्या खोलीत दोन दिवस खल चालला. मी एका वाक्यात निकाल लावला: खेळाच्या सामानाची खोली रिकामी करा. जमणार नाही, असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आठवडाभर पांढुर्ण्याहून लवकरची बस धरली. खिळे उपटले, जाड पडदे लावले आणि खोली उभी केली.

चष्मा चढवला की खोली नाहीशी होते आणि पोरं थेट माणसाच्या हृदयात उभी राहतात. चालायचं मात्र खरंखुरं. म्हणून प्रत्येकाभोवती चष्म्यातच एक निळी चौकट आखून द्यावी लागते. ती ओलांडली की समोर भिंत. चष्म्यातून सूचना देणारी बाई हिंदीत तिला ‘सीमा’ म्हणायची, मी मराठीत ‘रेघ’ म्हणत होते. इथंच माझं चुकलं.

पहिल्याच दिवशी आठवीतली एक पोरगी, आमच्या कबड्डी संघातली, त्या रेघेवर अशी झेपावली की कपाळ धाडकन भिंतीवर आपटलं. हे टेंगूळ आलं! त्याच तासात आणखी दोघी एकमेकींवर धडकल्या.

मुख्याध्यापक दारातच उभे होते. म्हणाले, “सोमवारी मी सोता येतो पहाले. एकबी पोरगी पडली, तं चष्मे डब्यात भरून परत पाठवीन. मंग मले काही म्हणू नका.”

मी त्या पोरीला विचारलं, “डोळे होते ना तुला?”

“मॅडम, रेघ दिसली तं शिवली,” ती म्हणाली. तिचं खरंच होतं. कबड्डीत रेघ शिवली म्हणजे जिंकलं. मी ‘शिवू नका’ असंही सांगून पाहिलं. त्यानं त्या हातांना जास्तच खाज सुटली. मला फार राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. खोली हातची जाणार होती.

दुसऱ्या दिवशी त्या पोरीचे वडील आले. आता भांडण होणार, असं धरून मी कंबर कसली होती. ते शांतपणे म्हणाले, “पोरगी कुठं आपटली ते पहाले आलो.” मी वाद घातला नाही, चष्माच चढवला त्यांच्या डोळ्यांवर. ते चपला काढून आत आले, हृदयात चार पावलं चालले, चौकटीपाशी थांबले आणि कडेकडेनं वळून परत फिरले.

“पुढं का नाही गेलात?” मी विचारलं.

“कायले जाऊ? हा धुरा हाय ना. पुढं दुसऱ्याचं वावर.”

मी कपाळावर हात मारला. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. मी स्वतः मोहगावच्या संत्र्यांच्या बगीच्यात वाढलेली. धुऱ्यापलीकडची चार बोरं उचलली म्हणून मार खाल्लेली. आणि पोरांना मी रेघ शिकवत बसले होते!

सोमवारी मुख्याध्यापक आले. मी मुलींना इतकंच सांगितलं, “निळा दिसतो तो धुरा. पलीकडचं वावर आपलं नाही.” टेंगळाच्याच पोरीला पहिली उभी केली. ती हृदयाच्या झडपेमागे धावली, चौकटीपाशी आली आणि पाय आखडून थांबली. बाकीच्याही थांबल्या. मला इतका आनंद झाला की मी वर्गात एकटीच टाळ्या वाजवल्या.

“द्या, मीबी पाहतो,” मुख्याध्यापक म्हणाले. चष्मा चढवताच त्यांचं वय उतरलं. दोन्ही हात पुढे करून ते सरळ भिंतीकडे निघाले.

“सर, धुरा!” ती पोरगी ओरडली.

सरांचा पाय हवेतच थांबला. त्यांनी तो हळूच मागे घेतला.

“पलीकडं कोणाचं वावर हाय वो?” चष्म्याआडूनच त्यांनी विचारलं.

“भिंतीचं, सर,” तीच पोरगी म्हणाली.

सगळा वर्ग हसला. सर हसले, पण चष्मा काही काढेनात. तसेच हृदयात उभे राहून म्हणाले, “मॅडम, नववीले कधी घेऊन राहिल्या तुम्ही?”

“उद्या,” मी म्हणाले.